स्कोपबाहेरचा रकाना

मला धीर म्हणून नाही. भाजी शिजायच्या आत मी तीनदा झाकण काढते, लिफ्ट यायच्या आत जिना उतरून गेलेली असते, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडून उत्तर निघालेलं असतं. अशा बाईने चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटची परीक्षा द्यायला घेतली. त्यातलं सगळ्यात आवडलेलं प्रकरण कोणतं, तर स्कोपचं. स्कोप म्हणजे कामाची हद्द. कोणाला काय हवंय ते आधी विचारायचं, लिहून घ्यायचं, त्यावर सह्या घ्यायच्या, आणि मग कोणी मध्येच येऊन ‘तेवढं एक हेही करा’ म्हणालं की सरळ नाही म्हणायचं. मला वाटलं, हे पुस्तक कोणीतरी माझा स्वभाव बघूनच लिहिलंय.

त्या दिवसांत मी घरी सगळ्यांचं डोकं खाल्लं. उज्जैनात नानाखेड्याला आमचा फ्लॅट आहे, त्याच्या गॅलरीत मी सकाळी पुस्तक घेऊन बसायची. नवरा आतून विचारायचा, डब्यात बटाट्याऐवजी भेंडी चालेल का? मी म्हणायची, “मेन्यूचा स्कोप काल बंद झालाय. चेंज रिक्वेस्ट द्या.”

“मंजुरी कोणाची लागते?”

“माझी.”

“मग नामंजूर समजतो आणि बटाटाच नेतो,” असं म्हणून तो बँकेत निघून जायचा.

हसण्यावारी न्यायचा तो, पण मला ते सर्टिफिकेट मनापासून हवं होतं. टावर चौकात तिसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस, अकरा माणसांचं, सॉफ्टवेअर बनवणारं. तिथे मी नऊ वर्षं कोऑर्डिनेटर. कोऑर्डिनेटर म्हणजे काम सगळं करायचं आणि मीटिंगमध्ये चहा आला का ते बघायचं. माझ्या डोळ्यांदेखत दोन पोरं, ज्यांना ईमेल लिहायला मी शिकवलं, ती सर्टिफिकेट घेऊन मॅनेजर झाली. सर, म्हणजे आमचे मालक, माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहेत. ते मला म्हणाले होते, “मैडम, परीक्षा निकालो, घाट वाला प्रोजेक्ट साफ़-सुथरा पूरा करो, लेटर उसी दिन बन जाएगा.” तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते मॅनेजरचं लेटर होतं. दुसरं काही नव्हतं, हे आधीच कबूल करते.

घाटवाला प्रोजेक्ट असा होता. इंदूरच्या एका यात्रा कंपनीला ॲप हवं होतं. बाहेरगावचा माणूस श्राद्धाला, अस्थी घेऊन, कशालाही उज्जैनला येणार असेल तर त्याने फोनवर आपलं गाव टाकायचं आणि त्याला त्याच्या पुरोहिताचं नाव आणि नंबर मिळायचा. कारण राम घाटावर कोणीही कोणाकडे जात नाही. ठरलेली गावं ठरलेल्या घरांची. त्या गावचा माणूस त्या घरचा जजमान. तो आला की त्याच घरी जाणार आणि आपलं नाव, कोणासाठी आलो, सोबत कोण होतं, हे त्या घरच्या बहीत, म्हणजे वंशावळीच्या वहीत, लिहून जाणार. पुढे त्याचा मुलगा येतो तेव्हा त्याला ती बही उघडून बापाचं अक्षर दाखवतात.

अडीच महिने मी घाटावर चपला झिजवल्या. उन्हात प्रत्येक छत्रीखाली बसले, तेवीस पुरोहितांशी बोलले. कोणी म्हणे तिथी आपोआप यायला हवी, कोणी म्हणे नंबर फक्त सकाळीच दिसावा, दुपारी आम्ही झोपतो. मी सगळं टिपून घेतलं. मग प्रत्येकाकडून तक्ता भरून घेतला: गाव, पुरोहिताचं नाव, मोबाइल. तीन रकाने. खाली सही. सगळ्या सह्या झाल्यावर मी ती फाइल सरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “सर, स्कोप फ्रीज.” हे दोन शब्द बोलताना मला फार बरं वाटलं होतं.

ॲप सुरू होऊन महिना झाला असेल. श्रावण होता. एक म्हाताऱ्या बाई तीन जिने चढून ऑफिसात आल्या. फिकट सुती साडी, हातात कापडी पिशवी, दम लागलेला. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. मराठी ऐकून त्यांना हायसं वाटलं असावं, कारण पाणी संपायच्या आतच त्यांनी सुरुवात केली.

“तुमच्या मोबाइलात आमच्या गावांपुढे माझ्या पुतण्याचं नाव येतंय.”

“हो ना काकू, ते घाटावर बसतात.”

“तो बसतो. गावं माझी आहेत. बही माझ्याकडे आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. काका जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा नाही, मुलगी भोपाळला दिलेली. गावांचा हक्क आणि बही काकूंकडे आली. बायका घाटावर बसत नाहीत, म्हणून छत्रीखाली पुतण्या बसतो, विधी तो करतो, आणि विधी झाला की जजमानाला मागच्या गल्लीत काकूंच्या घरी पाठवतो. तिथे काकू बही उघडतात, जुनं वाचून दाखवतात, नवीन लिहितात. त्याची जी दक्षिणा मिळते तिच्यावरच घर चालतं. ॲप आल्यापासून लोक थेट पुतण्याला फोन करतात. त्याने स्वतःची नवी वही केलीय, तिथेच नावं लिहून घेतो. महिन्याभरात काकूंच्या दारी दोन माणसं आली होती.

“एक रकाना वाढवा,” काकू म्हणाल्या. “कोण बसतं त्याच्या शेजारी बही कोणाकडे आहे ते लिहा, घराचा पत्ता लिहा. बाकी मला काही नको.”

आता माझं बघा. परीक्षेला दोन महिने राहिलेले, डोक्यात पुस्तक भरलेलं. मी गोड हसले, फाइल काढली आणि त्यांच्या पुतण्याची सही त्यांच्यासमोर धरली. म्हणाले, “काकू, स्कोप बंद झालाय. मध्येच असे बदल करायला लागलो तर काम कधी संपायचंच नाही. तुम्ही लेखी अर्ज द्या, पुढच्या टप्प्यात विचार करू.”

“पुढचा टप्पा कधी असतो?”

“ते अजून ठरलेलं नाही.”

त्या सहीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. “सही त्याचीच आहे,” एवढंच म्हणाल्या, पिशवी उचलली आणि कठडा धरून जिना उतरायला लागल्या. केबिनच्या काचेतून सरांनी मला अंगठा दाखवला. मी खूश.

संध्याकाळी चहा घेताना नवऱ्याला हा प्रसंग रंगवून सांगितला. मी कशी ठाम राहिले, कशी गोड बोलून वाटेला लावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांना आधी विचारलं होतंस का?”

“त्या घाटावर नव्हत्या.”

“घाटावर बायका बसतात कुठे?” तो म्हणाला, आणि चहात खारी बुडवत राहिला.

मला असा राग आला. त्याचा आला, मग काकूंचा आला, की बाई, दोन महिने आधी यायला काय झालं होतं? मी उगाचच घासलेली भांडी परत घासली, कपाट आवरायला काढलं आणि अर्धवट टाकलं. खरं तर मला माहीत होतं. बाबा गेले तेव्हा मी आणि भाऊ अशाच एका गल्लीतल्या घरी गेलो होतो. ते घर वेगळं, आमच्या वर्ध्याकडच्या गावच्या पुरोहितांचं. तिथेही कपाटातून बही काढून दिली ती घरातल्या बाईनेच. बाबांची रेल्वेत नोकरी, मी चार वर्षांची असताना आम्ही इथे आलो, सगळं आयुष्य या गावात गेलं. बही घरात असते आणि घरात बाई असते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर, कोणाकोणाला विचारायचं त्या यादीत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पुरोहित, घाटावर बसणारे.

रविवारी मी स्कूटर काढली आणि काकूंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं. एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत, त्याचं मला जास्तच लागलं. लांबलचक बही लाल कापडात बांधलेली होती. त्यांनी ती जमिनीवर पाटावर ठेवून उघडली. जुनी पानं मोडीत, मग बाळबोध, मग निळ्या बॉलपेनात.

“इथून पुढे माझं अक्षर,” त्या म्हणाल्या. “आणि हे बघ, इथून पुढे मुलींचीही नावं आहेत.”

आधीच्या पानांवर खरंच फक्त मुलगे होते. अमक्याचे चिरंजीव तमके, त्यांचे चिरंजीव तमके. काकूंच्या पानांवर मुलगी, सून, नात, कोण कुठे दिली, सगळं.

“पद्धत नव्हती,” त्या म्हणाल्या. “पण बाई समोर बसून बापासाठी रडते, आणि मी तिला सोडून तिच्या भावाचं नाव लिहायचं? मला नाही जमलं. मी आपली लिहायला लागले. कोणी विचारलंही नाही.”

पुतण्या आता बही मागत होता. सगळं घाटावर एका जागी असू दे, असं त्याचं म्हणणं. काकूंनी त्याला सांगून ठेवलं होतं, पितृपक्ष होऊ दे. पितृपक्षात त्यांच्या बेचाळीस गावांची माणसं येतात. “ती दारी आली तर बही माझ्याकडे राहील. नाही आली तर मी कोणासाठी धरून बसू? सर्वपित्री अमावास्येला देऊन टाकीन.”

“मी करते काकू काहीतरी,” असं मी म्हणाले आणि माझ्या बोलण्याचा मलाच भरवसा वाटला नाही.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये गेले. एक रकाना आहे, ऑफिसातल्या मुलांना दोन दिवसांचं काम आहे, आपल्याकडून विचारायचं राहिलं, असं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, “मैडम, अभी क्लाइंट को बोलेंगे कि कुछ छूट गया, तो किसके प्रोजेक्ट में छूटा? आपके. एग्ज़ाम हो जाने दो, लेटर बन जाने दो. फिर चेंज डाल देंगे, कौन रोकता है?”

एरवी मी माणसाला अर्ध्या वाक्यात अडवते. त्या दिवशी त्यांचं वाक्य मी शेवटपर्यंत होऊ दिलं आणि “ठीक है सर” म्हणून बाहेर आले. परीक्षा सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी होती. तारखा मला पाठ होत्या, उगाच कशाला खोटं बोलू.

मग हा राग कुठेतरी काढायचा म्हणून घाटावर गेले. पुतण्या छत्रीखाली दर्भ निवडत बसलेला. चाळिशीचा, सरळ माणूस. मी तणतणत विचारलं, “काकूंची गावं स्वतःच्या नावावर कशी काय लिहिलीत?”

“ताई, तुम्ही कागदावर काय विचारलंत? पुरोहिताचं नाव. पुरोहित मी आहे. बही कोणाकडे असं विचारलं असतंत तर काकूंचं लिहिलं असतं.”

“पण आता माणसं गल्लीत पाठवायला काय होतं?”

“सांगतो ना त्यांना. लोक म्हणतात, पंडितजी, यहीं लिख लो, गाड़ी खड़ी है. मी काय हात धरून नेऊ?” तेवढ्यात त्याचा फोन वाजला, ॲपवरूनच कोणीतरी होतं, आणि त्याने मला हातानेच थांबायची खूण केली. मी थांबले नाही.

पितृपक्षाचे ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. अभ्यासाला बसले की एकाच पानावर अर्धा तास. दुपारच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून स्कूटरवर गल्लीत जायची, काकूंच्या दाराबाहेर किती चपला आहेत ते बघायला. आत जायची हिंमत होत नव्हती. घाटावर पाय ठेवायला जागा नसायची, आणि त्या दाराबाहेर काकूंच्या एकट्या स्लीपर असायच्या. एक दिवस दोन जोड दिसले तर मला इतका आनंद झाला की परत येताना मी सिग्नल तोडला. दुसऱ्या दिवशी परत स्लीपरच. दोनदा मी सरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. एकदा आत जाऊन रजेचा अर्ज देऊन आले.

नवरा म्हणाला, “तू स्वतःच करून टाक ना तो बदल. मुलं तुझं ऐकतात.”

“मंजुरीशिवाय? परीक्षेच्या तोंडावर?” मी त्याच्यावरच खेकसले. तो बरोबर बोलत होता आणि मला लेटर हवं होतं, एवढाच त्या खेकसण्याचा अर्थ होता.

परीक्षा इंदूरला होती. एसी असा की बोटं गारठली. शंभराच्या पुढे कुठेतरी एक प्रश्न आला. सह्या झाल्या आहेत, काम सुरू झालं आहे, आणि यादीत नसलेला पण कामाचा परिणाम ज्याच्यावर होतोय असा एक माणूस येऊन बदल मागतो. मॅनेजरने आधी काय करावं? खाली चार पर्याय. स्कोप बंद झाल्याचं सांगून नकार द्यावा. बदल लगेच करून द्यावा. पुढच्या टप्प्यासाठी नोंद करून ठेवावी. त्या माणसावर काय परिणाम होतोय ते आधी समजून घेऊन बदल रीतसर मंजुरीला मांडावा.

मी चौथ्यावर खूण केली. पाच सेकंदही लागले नाहीत. मग मात्र पुढचा प्रश्न मला बराच वेळ वाचता आला नाही. अक्षरं दिसत होती, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. माझ्यासारख्या बाईला रडू आवरत बसावं लागलं, तेही कॅमेऱ्यासमोर.

पास झाले. निकाल तिथेच स्क्रीनवर आला. नवऱ्याला फोन केला, त्याने पेढे आणतो म्हणून सांगितलं. बसमधून नानाखेड्याला उतरले, घर तिथून दहा मिनिटांवर, पण मी रिक्षा केली आणि गल्लीत गेले.

काकू तांदूळ निवडत होत्या. कपाटाचं दार उघडं होतं, मधली फळी पुसून घेतलेली आणि तिच्यावर काही नव्हतं.

“काल दिली,” मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. “पंधरा दिवसांत तीन माणसं आली. त्यातला एक पाणी मागायला आला होता.”

त्यांनीच विचारलं, “परीक्षा होती ना तुझी? काय झालं?”

“पास झाले.”

“छान,” असं म्हणून त्या उठल्या, डबा काढला आणि माझ्या हातावर साखर ठेवली. मी ती तशीच मुठीत धरून म्हणाले, “काकू, आता रकाना वाढवता येईल. याच आठवड्यात. मी स्वतः करून घेते.”

“वाढव,” त्या म्हणाल्या. “पण त्यात नाव कोणाचं लिहिशील?”

“तुमचं.”

“माझ्याकडे बही नाही गं आता.” त्या परत तांदळाशी जाऊन बसल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलले असते. मला भांडता येतं.

लेटर त्याच आठवड्यात मिळालं. मॅनेजर म्हणून माझी पहिली सही चेंज रिक्वेस्टवर झाली, सरांनी हूं का चूं केलं नाही, क्लाइंटने एका ओळीत हो म्हणून कळवलं. इतकं सोपं होतं ते. मी पुन्हा तक्ता घेऊन घाटावर गेले, तेवीस छत्र्या पुन्हा फिरले, आणि या वेळी प्रत्येकाला विचारलं, बही कोणाकडे आहे? चार जणांनी मान खाली घालून आईचं, वहिनीचं, चुलतीचं नाव सांगितलं. मी त्या चौघींच्या घरी जाऊन आले, पत्ते तपासून घेतले. आता त्यांच्या गावचा माणूस ॲप उघडतो तेव्हा त्याला गल्लीतलं घर दिसतं, आणि माणसं जातात असं कळतं.

पुतण्याच्या छत्रीखाली मी सगळ्यात शेवटी गेले. लाल कापडातली बही त्याच्या मागे ट्रंकेवर ठेवलेली होती. मी विचारलं, “बही कोणाकडे आहे?”

“माझ्याकडे,” तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या बेचाळीस गावांपुढे आता दोन्ही रकान्यांत त्याचंच नाव आहे. ते मीच टाइप केलं.